अंकुशकृमीचा नवस

२ जुलै
उठल्यापासून शिंका. मोजणं सोडून दिलं आहे. आज तर राष्ट्रगीत चालू असताना आली. नाक दाबून धरलं, तर ती कानातून निघाल्यासारखा आवाज झाला. नववी ब हसली. मुख्याध्यापक दिनकररावांनी हसणाऱ्यांकडे नाही, माझ्याकडे बघितलं.

डॉक्टरांच्या गोळीने शिंक थांबते, पण मग पाचव्या तासाला मी खुर्चीतच पेंगतो. परवा मुलांनी मला न उठवता तास उरकला आणि फळा पुसून निघून गेली.

निश्चय: शिंकांचा कायमचा बंदोबस्त. शास्त्रीय मार्गाने. गावात कुणी नाकात तूप सोडायला सांगतं, कुणी उतारा टाकायला. मी विज्ञान शिकवतो. अंगारे-धुपारे आपल्याला जमायचे नाहीत.

४ जुलै, मधली सुट्टी
मोबाइलवर एक इंग्रजी लेख सापडला. डोळेच उघडले. सार लिहून ठेवतो.

आपल्या रक्तात पहारेकरी असतात. माणूस हजारो पिढ्या पोटात जंत बाळगून जगला, तेव्हा या पहारेकऱ्यांना काम होतं. आता स्वच्छता आली, जंत गेले, पहारेकरी बेकार. मग ते धुळीच्या कणावरच तुटून पडतात. हीच ॲलर्जी. जंत आत असला की तो काहीतरी रसायन सोडतो आणि पहारेकऱ्यांना शांत बसवतो. ते जंताला हात लावत नाहीत आणि धुळीलाही. परदेशात एका संशोधकाने म्हणे अंकुशकृमीच्या अळ्या मुद्दाम स्वतःच्या दंडावर सोडून घेतल्या. याला म्हणतात प्रयोग.

खाली ‘पुढे वाचा’ होतं. दाबलं तर वर्गणी मागतात. अर्ध्या लेखात मुद्दा कळला. शहाण्याला शब्दाचा मार.

आणि पुरावा शेजारीच आहे. किशनराव. जन्म शेतात अनवाणी गेला. त्यांना शिंकताना मी कधी पाहिलेलं नाही.

५ जुलै
एक अडचण. शाळेत वर्षातून दोनदा जंतनाशक गोळ्या वाटतात, त्याचा जिम्मा माझ्याकडे आहे. व्हरांड्यातला ‘अनवाणी चालू नका’ हा तक्ताही माझ्याच हातचा. अंकुशकृमीचे दात मी लाल खडूने काढले आहेत, खाली झोकदार सही.

बराच विचार केला. तो तक्ता मुलांसाठी आहे. सुशिक्षित माणसाने विचारपूर्वक बाळगलेला जंत वेगळा.

७ जुलै
योजना पक्की. अंकुशकृमीची अळी ओल्या मातीत असते आणि तळपायातून शिरते. आपल्या शेताची नाल्याकडची पट्टी त्यासाठी उत्तम. अर्धी गल्ली सकाळी डबा घेऊन तिकडेच जाते. घरोघरी संडास आहेत, त्यांत सरपण ठेवलेलं असतं. यावर मी ग्रामसभेत चांगलं तळमळून भाषण केलं होतं. आता वाटतं, कुणी ऐकलं नाही ते बरंच झालं.

रोज सकाळी तिथे अर्धा तास अनवाणी. सुमंगलाला सांगायचं नाही. बायकोला थिअरी समजावण्यात वेळ जातो.

८ जुलै
पहिला दिवस. शिस्त म्हणून घरापासूनच अनवाणी निघालो. किशनराव ओट्यावर दात घासत होते. काय गुरुजी, वाहना कामून काढल्या, म्हणाले. आता त्यांना काय सांगणार, की जंत आणायला निघालोय? तोंडातून निघून गेलं, देवीला बोललोय.

ते एकदम उभेच राहिले. तोंडातला मंजनाचा फेस पुसला. कशासाठी हे विचारलंही नाही. स्वतःच म्हणाले, ईश्वरीच्या लग्नाचं असंल. मी मान हलवली. मान हलवणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे.

ईश्वरी आमची एकुलती एक. पुण्यात नोकरीला असते. लग्नाचा विषय काढला की तिचा फोन कट होतो.

९ जुलै
गावभर झालं. किशनरावांची कडूबाई एकटी वर्तमानपत्राला भारी आहे. स्टाफरूममध्ये सगळे माझ्या पायांकडे बघत होते. दिनकररावांनी स्वतः खुर्ची सरकवली. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा.

सुमंगलाने भाकरीवर तूप हात सैल सोडून वाढलं. संध्याकाळी बघतो तर तिच्या जुन्या चपला उंबऱ्याजवळून गेलेल्या. नव्या भिंतीतल्या फळीवर, देवाच्या तांब्याशेजारी कागदात गुंडाळून ठेवलेल्या. कोऱ्या आहेत, गेल्याच महिन्यात सेलूहून आणलेल्या, अजून घातल्याही नव्हत्या. हे काय, विचारलं. म्हणाली, तुमी पोरीसाठी सोडल्या, मी तुमच्यासाठी. तुमच्या पायात काटा मोडू न्हाई म्हणून. तुमी घालाल तवा मी घालीन. म्हटलं, अशी काही गरज नसते. तर म्हणाली, देवीला सांगून झालं.

छान वाटलं. तिला शिंका येत नाहीत, त्यामुळे तिला जंतांचा काही फायदा नाही. पण तोटाही नाही.

१३ जुलै
बाभळीचा काटा. टाचेत, आरपार. सुमंगलाने सुई तापवून काढला. काढताना मी ओरडलो नाही, असं मला वाटतं. किशनराव मात्र पळत आले. सुमंगला रडवेली झाली, की आपलंच देवीला सांगण्यात काही कमी पडलं.

प्रयोग चालूच राहील. विज्ञानात वेदना असतेच.

१६ जुलै
शांतपणे विचार केला. अळ्या ओल्या मातीत असतात. डांबरी रस्त्यावर नसतात. मग रस्त्याने अनवाणी चालणं ही शुद्ध अंधश्रद्धा झाली. आता शेतात आणि तिथून शाळेत स्कूटरनेच जातो; माझ्या जुन्या चपला तिच्या डिकीत ठेवल्या. पाराच्या वळणापर्यंत अनवाणी, वळण ओलांडलं की घालायच्या. शेतात काढायच्या. शाळेच्या फाटकाआधी पुन्हा डिकीत.

२० जुलै
शेतातही सराट्याचे काटे आहेत. सध्या बांधावर उभा राहून एक पाय मातीत ठेवतो. पण नीट, दाबून. किती वेळ ठेवला यापेक्षा कसा ठेवला हे महत्त्वाचं.

२२ जुलै
पाऊस. आज गेलो नाही.

२६ जुलै
अळी शिरते तिथे खाज सुटते, असं पुस्तकात आहे. शाळेतलं भिंग आणून रोज तळवे तपासतो. काही नाही. एकदा वाटलं सुटली, पण तो डास होता.

सुमंगलाच्या बोटांच्या बेचक्यांत मात्र नको तेवढी खाज. नाल्याकडच्या पट्टीत खुरपणी चालू आहे. ती, कडूबाई आणि आणखी दोघी दिवसभर चिखलात असतात. चिखल्या झाल्या असणार. मेंदी लाव म्हटलं. झोपेतही पाय खाजवते, माझी झोपमोड होते.

४ ऑगस्ट
केंद्राच्या बैठकीला परभणीला गेलो होतो. परत येऊन बघतो तर समोरची खोली रिकामी! भाव चढेल म्हणून गेल्या हंगामाचा कापूस छताला टेकेपर्यंत भरून ठेवला होता. सुमंगलाने तो कडूबाईला हाताशी धरून किशनरावांच्या पत्र्याच्या शेडमध्ये नेऊन टाकला. मला न विचारता. वर खोली झाडून, पाण्याने पुसून घेतलेली. असं कामून केलं, विचारलं, तर म्हणाली, घरात श्वास घ्यायला जागा न्हवती.

घरच्या कर्त्या माणसाला विचारायची पद्धत असते, एवढं बोललो. दम लागून भिंतीला टेकून बसली होती. मुद्दा पटला असावा.

१० ऑगस्ट
शिंका कमी!!

१४ ऑगस्ट
आज एकही नाही. एकही! सबंध राष्ट्रगीत खणखणीत म्हटलं. जंत कामाला लागले. कधी शिरले ते कळलंही नाही, हेच त्यांचं कौशल्य. माझे पहारेकरी बसले गप.

हे एखाद्या नियतकालिकात यायला हवं. नाव सुचवून ठेवतो: ‘मराठवाड्यातील एक मूक क्रांती’.

२१ ऑगस्ट
जंतनाशक दिन. मुलांसमोर भाषण केलं. जंत रक्त पितात, हात धुवा, नखं कापा, पायात चप्पल घाला. आठवीतली अर्पिता उठून म्हणाली, सर, मग तुमी अनवाणी कसे? म्हटलं, श्रद्धा हा अभ्यासक्रमाबाहेरचा विषय आहे. दिनकररावांनी टाळ्या वाजवल्या.

कार्यक्रम संपल्यावर त्यांनी दोन गोळ्या माझ्या हातावर ठेवल्या. तुमच्या घरी शेतात जाणं-येणं असतं, तुम्ही दोघंही घ्या, म्हणाले. घरी नेल्या नाहीत. सुमंगला स्वतः घेईल आणि मला बळेच घ्यायला लावील, मग महिनाभराची मेहनत पाण्यात. डिकीत टाकल्या, चपलांच्या खाली.

९ सप्टेंबर
सुमंगला रोज संध्याकाळी माझ्या तळपायांना तेल चोळते. आज म्हणाली, दोन महिने अनवाणी चालायलेत, पण पायाला एक भेग न्हाई, लोण्यावानी हायेत. देवीनं ऐकलं बगा माजं. आणि माझ्या पायांनाच हात जोडले.

पाय ओढून घेतले. म्हणाली, गुदगुल्या व्हायल्या का? म्हटलं, हो.

कुणाच्या श्रद्धेत ढवळाढवळ करू नये. तिच्या टाचांना मात्र बोट जाईल एवढ्या भेगा आहेत. बायका स्वतःकडे लक्ष देत नाहीत.

२५ सप्टेंबर
खडू पुरत नाहीत. घरच्या फळ्यासाठी आणलेला डबा अर्धा झाला, मी तर हल्ली शिकवणी घेतच नाही. उंदीर? उंदीर खडू खातात का, बघायला हवं. पिंजरा लावतो.

४ ऑक्टोबर
घट बसले. देवीच्या देवळात यंदा पहिली आरती माझ्या हस्ते. का, तर अनवाणी गुरुजी. किशनरावांच्या म्हणण्याप्रमाणे सबंध सर्कलच्या गावांमध्ये असा नेम कुणी पाळलेला नाही. चार-पाच जणांनी पाया पडून घेतलं. एकाने मुलाच्या नोकरीसाठी किती दिवस अनवाणी राहावं, हे विचारलं. सल्ला दिला.

सुमंगला अर्ध्या पायऱ्यांवरच बसून राहिली. आरतीला वर आलीच नाही. लोक विचारत होते, वहिनी कुठं. उपवास झेपत नाहीत तर धरू नयेत, असं मी परत येताना म्हटलं. म्हणाली, बरी हाय मी, तुमी व्हा पुढं. मी झालो पुढे.

७ ऑक्टोबर
पिंजऱ्यात काही नाही. खडू मात्र आणखी कमी.

१२ ऑक्टोबर
ईश्वरीचा फोन. आधी माझ्यावर ओरडली, की बाबा तुम्ही विज्ञानाचे मास्तर, माझ्या लग्नासाठी अनवाणी काय फिरता, ऑफिसात मला हसू आवरेना. मग एकदम आवाज उतरला. आई बोलताना मधे मधे थांबते, तिला दम लागतो का, विचारलं. म्हटलं, इकडे नेटवर्कची बोंब आहे, सगळेच थांबत थांबत बोलतात. तिला डॉक्टरकडे न्या, म्हणाली. म्हटलं, कापूस वेचणी होऊ दे.

२ नोव्हेंबर
नवा कापूस घरी आला. किशनरावांच्या शेडमध्ये त्यांचा स्वतःचा माल, म्हणून समोरच्या खोलीत लावला. सुमंगला नको म्हणत होती. म्हटलं, तुझ्या दम्यापेक्षा भाव मोठा. गंमत म्हणून म्हटलं.

६ नोव्हेंबर
शिंका. पूर्वीसारख्या.

हे अपेक्षितच होतं. जंत म्हातारे झाले असणार, रसायन कमी पडतं. डोस वाढवायला हवा. उद्यापासून बांधावर दोन्ही पाय.

७ नोव्हेंबर
थंडी फार. उद्यापासून.

१९ नोव्हेंबर
घराचं सगळं वेळापत्रक बिघडलं आहे. चहा उशिरा. भाकरी एका बाजूने कच्ची. परवा पाण्याची कळशी अंगणातच ठेवून सुमंगला तिच्याशेजारी बसलेली. मी आत वाट बघतोय, ती बाहेर बसून कळशीकडे बघतेय. हाक मारली तर उठताना भिंत धरली. रंगही उतरला आहे. डोळेही आतून पांढरे पडलेत. कडूबाई दारातून मला म्हणाली, गुरुजी, बाई लय वाळायली, जरा ध्यान द्या. लोकांच्या संसारात बोलायची या बाईला खोड आहे.

निश्चय: सुमंगलाला सकाळी फिरायला न्यायचं. आळसाने माणूस असाच होतो.

५ डिसेंबर
खडूचोर सापडला. स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेलो तर सुमंगला पाठमोरी उभी. हातात पांढरा खडू, कुडुम कुडुम खात होती. मला बघून लहान पोरीसारखा मागे लपवला. म्हणाली, काय करू, वासच लय गोड वाटतो. कच्चे तांदूळबी चघळते, पण मन भरंना.

मी हसलो. चांगला मोठ्याने हसलो. या वयात डोहाळे का, म्हटलं. ती नाही हसली.

शाळेतून येताना तिच्यासाठी बिस्किटांचा पुडा आणला. मनाने मी वाईट नाही.

२८ डिसेंबर
तिच्या पायांवर सूज. बोट दाबलं की खड्डा पडतो, तो भरत नाही. जोडवी बोटात रुतली आहेत. थंडीने होतं.

नववीच्या पुस्तकात रक्तक्षयाचं पान आहे. परवाच शिकवलं. लक्षणं फळ्यावर लिहून दिली: थकवा, दम, पांढरे डोळे, सूज, माती-खडू खाण्याची इच्छा. हस्ताक्षर चांगलं आलं होतं, एका मुलाने फोटो काढला.

आता हे लिहिताना हात थांबला.

नाही. तसं नसणार. संक्रांतीनंतर दाखवून आणू.

१४ जानेवारी
सुगडं पुजताना पडली. तिळगुळाचं ताट अंगावर घेऊन. किशनरावांनी जीप काढली. कडूबाईने तिचं डोकं मांडीवर घेतलं. मी पुढे बसलो होतो, किशनरावांशेजारी. वळून बघायचा धीर झाला नाही. एकदाच बघितलं. ओठ आणि कपाळ एकाच रंगाचे होते. तिचे पाय जीपच्या मागच्या फळीवर उघडे, भेगांत सुकलेला चिखल. गावाबाहेर पडलो तरी मी अनवाणीच. आज डिकी नव्हती बरोबर.

१५ जानेवारी, परभणी
हिमोग्लोबिन पाच. डॉक्टरीणबाईंनी कागद दोनदा बघितला. रक्त चढवायला लागणार. शौचाच्या तपासणीत अंकुशकृमीची अंडी, भरपूर. त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, या बाई शेतात अनवाणी असतात का? कडूबाई अभिमानाने म्हणाली, हाव बाई, दोघंबी. नवस हाय गुरुजीचा.

मग माझीही तपासणी केली.

१६ जानेवारी
माझा रिपोर्ट. काहीही आढळलं नाही. एक अंडंसुद्धा नाही.

तीन महिने ज्यांच्या जिवावर मी राष्ट्रगीत म्हटलं, ते जंत माझ्यात कधी आलेच नव्हते. शिंका थांबल्या त्या कापूस हलवल्यावर. परत आल्या त्या कापूस आणल्यावर. रोजनिशीची मागची पानं चाळली तर ओळीखाली ओळ सगळं लिहिलेलं आहे. माझ्याच अक्षरात.

१७ जानेवारी
सुमंगलासाठी रक्त मिळालं. त्याच्या बदल्यात कुणी तरी द्यायचं असतं. मी पुढे झालो. सुई बघूनच घाम फुटला, नर्सने आडवं केलं. शेवटी किशनरावांनी बाही वर केली. नंतर बिस्कीट खाताना म्हणाले, गुरुजी, तुमचं अंग आदीच नवसानं कमजोर झालं असंल, तुमी नगा मनाला लावून घेऊ.

जमिनीने पोटात घ्यावं असं वाटलं.

१८ जानेवारी
ईश्वरी आली. आईच्या पांढऱ्या तळहातावरून बोट फिरवत बसली. माझ्याशी एकच वाक्य बोलली, की मी ऑक्टोबरमध्ये सांगितलं होतं.

डॉक्टरीणबाईंना व्हरांड्यात गाठून मी हळूच विचारलं, की जंत असले की ॲलर्जी कमी होते म्हणतात, त्यात काही अर्थ? त्या म्हणाल्या, तसं संशोधन आहे. मोजून दहा-वीस अळ्या देतात, वरचेवर रक्त तपासतात, आणि तरी भरवशाचा गुण काही हाती आलेला नाही. मग म्हणाल्या, जंत शरीराच्या पहारेकऱ्यांना शांत करतो हे खरं. पण ते आपल्या भल्यासाठी नाही. त्याला आत राहायचं असतं. म्हणून तर बाईंचं अंग इतके महिने काही बोललं नाही. ॲलर्जी कुणाला आहे, विचारलं. मी म्हटलं, एका ओळखीच्याला.

तिचं अंग बोलत होतं. खाजत होतं, धापा टाकत होतं, खडू खात होतं. मी रोज लिहूनही घेत होतो.

२४ जानेवारी
घरी आलो. गोळ्या, लोहाचं औषध. आणि सक्त ताकीद, की मातीत अनवाणी पाय टाकायचा नाही, नाहीतर पुन्हा हेच. ईश्वरीने आईसमोर चपला ठेवल्या. सुमंगलाने त्या उचलून परत फळीवर ठेवल्या. यांनी घातल्यावर, म्हणाली.

ईश्वरीने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, घालतो की, त्यात काय. तर सुमंगला उठून बसली. पोरीचं जमल्याबिगर कशा घालताल? देवीशी खोटं व्हायचं का तुमाला? आणि एवढं बोलून धापा टाकायला लागली.

२६ जानेवारी
उपाय सापडला. सकाळी सांगितलं, रात्री देवी स्वप्नात आली, हिरवं लुगडं, म्हणाली नवस पावला, चपला घाल. सुमंगलाने नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, माज्याबी स्वप्नात येऊ द्या, मग घालू दोघं.

ईश्वरी आत गेली. हसायला की रडायला, कळलं नाही.

२ फेब्रुवारी
देवी अजून सुमंगलाच्या स्वप्नात आलेली नाही. रोज सकाळी विचारतो.

८ फेब्रुवारी
ईश्वरी परत गेली. जाताना म्हणाली, बाबा, काहीतरी आहे जे तुम्ही सांगत नाही आहात. काय ते मला नको. तिला सांगा.

दुपारी सुमंगला अनवाणी गोठ्याकडे निघाली. ओल्या शेणातून. मी मागून ओरडलो. ती वळून म्हणाली, माज्या पायाचं सोडा, तुमचे पाय तर नीट हायेत ना?

१० फेब्रुवारी
सकाळी सांगितलं.

आधी स्कूटर अंगणात लावली. डिकी उघडली. चपला काढून तिच्यापुढे ठेवल्या. त्यांच्या खालून दोन गोळ्या निघाल्या, कागद मळून काळा झालेला. त्याही ठेवल्या. मग बोललो. नवस नव्हता. देवीला मी काही बोललोच नव्हतो. मला जंत हवे होते, शिंकांसाठी. लाज वाटली म्हणून किशनरावांना तसं सांगितलं. वळण ओलांडलं की चपला घालत होतो. या गोळ्या ऑगस्टमध्ये आपल्या दोघांसाठी दिल्या होत्या. वाक्यं अशीच, तुटक.

सुमंगलाने माझी एक चप्पल उचलली, उलटी केली. टाचेपाशी तळ झिजून कागदासारखा झाला आहे. तिने अंगठ्याने दाबून बघितलं. मग एवढंच म्हणाली, लय झिजल्यात की.

उठून फळीवरच्या आपल्या चपला काढल्या. कागद सोडला. कोऱ्या, खाली किमतीचं लेबल तसंच. सूज उतरली असली तरी भेगांमुळे पट्टा घालताना तोंड वाकडं झालं. गोठ्यापर्यंत जाऊन आली. मग म्हणाली, शाळेला उशीर व्हायलाय.

चपला घालून निघालो. पाराजवळ किशनराव. फिटला का नवस, गुरुजी? मी थांबलो आणि म्हटलं, किशनराव, नवस नव्हताच. मी खोटं बोललो होतो. ते हसले. लय मजाक करता तुमी, म्हणाले. मोठ्या माणसाला आपलं केलेलं सांगवत न्हाई. आणि वाकून पाया पडले. मी धरेपर्यंत पडून झाले होते.

शाळेत जंतनाशक दिन. भाषण केलं नाही. गोळ्या वाटल्या, प्रत्येकाला समोर गिळायला लावली. अर्पिता माझ्या पायांकडे बघून चांगलं हसली. तक्त्यावरची माझी सही पुसली. लाल दात तसेच ठेवले.

संध्याकाळी नेहमीच्या वेळेला सुमंगलाने तेलाची वाटी आणली. मी सवयीने पाय पुढे केले. तिने वाटी माझ्या हाताशी ठेवली, आणि समोर बसून स्वतःचे पाय लांब केले.

बराच वेळ चोळत होतो. भेगांत तेल ओतलं की लगेच दिसेनासं होत होतं. तेवढ्यात समोरच्या खोलीतून वाऱ्यावर कापूस आला असेल. शिंक आली. दोन्ही हात तेलाचे, नाक धरता येईना.

सुमंगला म्हणाली, तोंड तिकडं करा, आन् हात थांबवू नगा.